नाटकाला टाळ्या मिळाल्या, पण टेम्पोचे पैसे कोण देणार? छोट्या कलासंस्थांचा पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे

प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, फोटो इन्स्टाग्रामवर गेले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो, "टेम्पोचे साडेतीन हजार मी दिलेत, कुणीतरी बघा." मेसेजला सात अंगठे पडतात. पैसे काही येत नाहीत.

हौशी नाट्यमंडळ असो, गल्लीतला संगीत वर्ग असो किंवा एखादं शाहिरी पथक, हा मेसेज टाकणारा माणूस सगळीकडे असतो. कॉलेजात मी एकांकिका करायचे तेव्हा आमच्या ग्रुपचा सगळा हिशोब एका मैत्रिणीच्या वहीत असायचा. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ती गेली आणि वहीही गेली. कपडेपटाच्या दुकानातलं आमचं डिपॉझिट बहुतेक अजून तिथेच आहे.

'कलेला पैसा मिळत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण छोट्या संस्था ज्या कारणाने बंद पडतात ते थोडं वेगळं असतं. पैसा येतो तेव्हा उशिरा येतो, कागद मागत येतो, आणि तोवरचा खर्च कुणा एकाच्या खिशातून झालेला असतो. हे नेमकं कसं घडतं, ते समजून घेऊ.

कागदावर नफा, हातात खड्डा

समजा, एका प्रयोगाचा खर्च ४०,००० रुपये आहे. नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत आधी भरावी लागते, लाइट आणि साउंडवाला ॲडव्हान्स घेतो, नेपथ्याचं सामान रोखीने येतं. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच साधारण ३०,००० रुपये गेलेले असतात. उरलेले १०,००० त्याच रात्री जातात.

आता जमा बघा. १०० रुपयांची २५० तिकिटं विकली गेली तर २५,०००. एका व्यापाऱ्याने कबूल केलेली देणगी १०,०००. स्पर्धेतून किंवा अनुदानातून अपेक्षित आणखी १०,०००. एकूण ४५,०००, म्हणजे पाच हजार शिल्लक. छान!

पण तिकिटांचे पैसे प्रयोगाच्या दिवशी येतात, ॲपवरून विकली असतील तर त्यानंतर काही दिवसांनी. देणगीदार 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो. अनुदान कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे ज्या संस्थेला कागदावर पाच हजारांचा नफा आहे, तिला प्रयोगाच्या आदल्या दिवशी तीस हजार रुपये कुठून तरी उभे करावे लागतात. हे 'कुठून तरी' म्हणजे बहुतेक वेळा दिग्दर्शकाचं बचत खातं असतं.

अंदाजपत्रक सगळे बनवतात. किती येणार, किती जाणार. त्याच तक्त्यात 'कधी' असा तिसरा रकाना टाकला की वरचा खड्डा महिनाभर आधी दिसतो. मग नाट्यगृहाची तारीख पुढे ढकलता येते, लाइटवाल्याशी हप्ते ठरवता येतात किंवा देणगीदाराकडे आधीच जाता येतं.

संस्था म्हणजे नक्की कोण?

मित्रमंडळी जमली, नाव ठरलं, लोगो झाला. कायद्याच्या नजरेत मात्र अजून काहीच झालेलं नसतं. बँक खातं उघडायला गेलं की हे कळतं.

महाराष्ट्रात रूढ मार्ग असा: किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करायची आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही. दोन्ही काम धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होतं आणि हातात दोन प्रमाणपत्रं येतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढण्याचाही पर्याय आहे, पण तिचं वार्षिक कागदकाम छोट्या गटाला जड जातं.

नोंदणी नसेल तर काय होतं? अध्यक्षाच्या नाहीतर खजिनदाराच्या नंबरवर यूपीआय क्यूआर लावला जातो. तिकिटाचे, देणगीचे, वर्गणीचे पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यात पडतात. उद्या आयकर विभागाने विचारलं तर ते उत्पन्न त्याचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. शिवाय नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच ही, विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खालची.

नोंदणी झाल्यावर एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. विश्वस्त बदलले, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांत 'बदल अर्ज' करावा लागतो. तो केलाच जात नाही. वीस वर्षांपूर्वी नोंदलेल्या एखाद्या मंडळाचा शासकीय उतारा काढा; त्यावर जुनीच नावं असतात, त्यातली दोन-तीन माणसं हयातही नसतात. आज संस्था चालवणाऱ्या मुलांचं नाव त्यात कुठेच नसतं. बँक सह्या बदलून देत नाही, अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि मग एका रात्रीत सगळं दुरुस्त करायची धावपळ सुरू होते. ती एका रात्रीत होत नसते.

१२ए आणि ८०जी म्हणजे काय?

आधी एक खुलासा. या लेखात आलेले आयकराच्या कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. आयकर कायदा, २०२५ लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात सगळे अजून जुनीच नावं वापरतात, म्हणून इथेही तीच.

१२ए, आताच्या भाषेत १२एबी, ही संस्थेच्या फायद्याची नोंदणी आहे. ती असेल तर संस्थेचं उत्पन्न करमुक्त राहतं, पण अटींवर. मुख्य अट अशी की वर्षभरात आलेल्या पैशातले किमान ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर खर्च झाले पाहिजेत. १५ टक्के कसलीही वेगळी परवानगी न घेता मागे ठेवता येतात. त्याहून जास्त साठवायचं असेल, समजा स्वतःची लाइट्स घ्यायची आहेत, तर कारण लिहून फॉर्म १० भरायचा आणि पाच वर्षांच्या आत ते पैसे त्याच कामाला लावायचे.

८०जी ही देणगीदाराच्या फायद्याची. साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेवर त्याला करवजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या कमाल मर्यादेत. रोख दिलेले २,००० रुपयांपेक्षा जास्त पैसे यात धरले जात नाहीत. वस्तू किंवा सेवा दिली तर वजावट नाही; कुणी लाइट्स फुकट लावून दिले तर मनापासून आभार माना, ८०जीची पावती देऊ नका.

'८०जी असलं की देणग्या येतात' हे गृहीतक आता थोडं जुनं झालंय. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ निवड आहे. म्हणजे तुमच्या नाटकाला पाच हजार देणाऱ्या पगारदार मित्राला त्या पावतीचा बहुधा काही उपयोग नसतो. तो तुमच्यासाठी देतो, करासाठी नाही. तरीही ८०जी हवंच, कारण कंपन्या आणि मोठे देणगीदार त्याशिवाय बोलणंच सुरू करत नाहीत.

नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झालं की सहा महिन्यांच्या आत कायम नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. 'तीन वर्षं आहेत की अजून' म्हणत इथेच अनेक जण चुकतात. त्यानंतरची नोंदणी पाच वर्षांची असते. वार्षिक उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्या संस्थांना २०२५ च्या बदलानंतर १२एबीसाठी दहा वर्षांची मुदत मिळू लागली. ८०जी असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीमध्ये भरायची. त्यातूनच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ज्या संस्थेची वर्षाची देणगीच पन्नास हजार आहे तिला हे परवडण्यासारखं नाही.

प्रयोग संपल्यावर झोळी फिरवली आणि नाव न लिहिता लोकांनी पैसे टाकले तर? चालतं. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत निनावी देणगीवर खास कर नाही. त्यावरच्या रकमेला ३० टक्के लागतो. छोट्या संस्थेची झोळी तिथवर सहसा जात नाही.

तिकीट विकलं तर 'धंदा' होतो का?

हा प्रश्न वाटतो त्याहून किचकट आहे. आयकर कायद्यात गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय सेवा असे धर्मादाय हेतू स्वतंत्र दिलेले आहेत. नाटक-संगीताचं काम बहुतेक वेळा 'सार्वजनिक उपयोगितेचा इतर हेतू' या शेवटच्या गटात मोडतं. आणि याच गटाला मर्यादा आहे: व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेली तर त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते.

म्हणजे एकीकडे सगळे सल्ला देतात की स्वावलंबी व्हा, कार्यशाळा घ्या, कॉर्पोरेट शो करा, आणि दुसरीकडे ते यशस्वी झालं की कायदा भुवया उंचावतो. मला यातला विरोधाभास अजून नीट पचलेला नाही. उद्देशांचाच भाग असलेल्या प्रयोगाचं माफक तिकीट आणि एखाद्या कंपनीच्या पार्टीत केलेला कार्यक्रम यांत फरक करता येतो. तो करायचा तर हिशोबात दोन्ही जमा पहिल्या दिवसापासून वेगळ्या लिहिलेल्या हव्यात. वर्षाअखेरीस सीएसमोर बसून आठवत बसलं तर सगळंच 'कार्यक्रम उत्पन्न' होऊन जातं.

जीएसटीचं भय मात्र थोडं कमी करा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. शिवाय नाटक, नृत्य किंवा संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय कलेचं सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर तेही मुक्त आहे. क्लास चालवणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा: जुलै २०२२ पासून कलेच्या प्रशिक्षणावरची सूट व्यक्तीने घेतलेल्या वर्गालाच आहे, संस्थेच्या वर्गाला नाही. २० लाखांच्या आत आहात तोवर याचा त्रास होत नाही.

विष्णु दिगंबरांची इमारत

ही अडचण आजची नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं तोवर मुख्यतः संस्थानिकांच्या आश्रयावर चालायचं. कुरुंदवाडसारख्या छोट्या संस्थानातून आलेल्या या माणसाने ते लोकांच्या देणग्या आणि तिकीट लावून केलेल्या मैफलींवर चालवायचं ठरवलं. त्या काळात हे धाडसच होतं.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आलं. विद्यार्थी वाढले, मोठी वास्तू उभी राहिली आणि तिच्यासोबत कर्जही. पंडितजी गावोगाव कार्यक्रम करून पैसे आणत राहिले. पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि मैफलीचं उत्पन्न येईल तेव्हा येतं. शेवटी वास्तू लिलावात गेली.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. १९३१ मध्ये पंडितजी गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. देशभर ठिकठिकाणी केंद्रं, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि परीक्षेचं शुल्क. 'प्रारंभिक', 'प्रवेशिका', 'विशारद' हे शब्द तुमच्या घरात कुणी ना कुणी ऐकलेले असतील. थोडे थोडे पैसे, पण खूप जणांकडून आणि दरवर्षी ठरलेल्या वेळी. मंडळ आजही सुरू आहे.

जागेचा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवल्याचं उदाहरण दादरचं आहे. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या 'आविष्कार'ने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू केली. नाट्यगृह बांधायचं नाही, शाळा सुटल्यावर तिचा हॉल वापरायचा. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक मोठा अध्याय या हॉलमध्ये घडला. कुणी वर्षभर तालमीला मोफत खोली देत असेल तर ती मदत हजारोंची आहे. त्याचं साधं पत्र घेऊन ठेवा. पुढच्या अर्जात ते संस्थेच्या बाजूने बोलतं.

अनुदान: मिळतं, पण कसं?

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या दोन योजना छोट्या संस्थांच्या जास्त उपयोगाच्या. एक गुरू-शिष्य परंपरेसाठीचं रेपर्टरी अनुदान, ज्यात गुरू आणि शिष्यांना दरमहा मानधन मिळतं. दुसरी कार्यक्रम आणि निर्मितीसाठीची. अर्जाआधी एनजीओ दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक हवा. राज्यात सांस्कृतिक कार्य संचालनालय राज्य नाट्य स्पर्धा घेतं आणि तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा लोककला पथकांना भांडवली आणि प्रयोग अनुदान देतं. सरकारबाहेर बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून कलाप्रकल्पांना अनुदान देते आणि तिच्याकडे अर्ज इंग्रजीतच लिहायची सक्ती नाही.

अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे. ज्या कामासाठी मागितलं त्यावरच खर्च करायचं, पावत्या जपायच्या आणि शेवटी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. अनेकदा एकूण खर्चाचा काही भाग संस्थेनेच घालावा लागतो आणि शेवटचा हप्ता काम झाल्यावर येतो. म्हणजे पुन्हा तोच खड्डा, फक्त मोठा. शिवाय एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. सुताराला, लाइटवाल्याला, ढोलकीवाल्याला 'रोखच द्या' म्हणायची सवय असते. त्याला यूपीआय घ्यायला लावणं हे खजिनदाराचं अर्धं काम आहे.

बाहेरच्या पैशाची मुदत संपते, हेही आधीच धरून चाला. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यगटांसाठी योजना चालवल्या. सतीश आळेकर त्यांचे समन्वयक होते. काम मोठं होतं, पण मदतीला सुरुवात होती तसा शेवटही होता.

सीएसआर आणि अमेरिकेतला दादा

कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा उल्लेख आहे, म्हणजे सीएसआरचा पैसा नाटकालाही देता येतो. पण संस्थेकडे १२ए, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय शाळा-दवाखान्यांच्या प्रस्तावांत 'किती मुलांना फायदा' हे सांगता येतं, नाटकाला ते जमत नाही. शाळांमधल्या नाट्यकार्यशाळा, लोककलावंतांचं प्रशिक्षण असं काही असेल तर दार थोडं किलकिलं होतं.

परदेशातल्या मराठी माणसांकडून पैसे घेताना एकच गोष्ट विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. न्यू जर्सीतल्या दादाने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते. त्यासाठी एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. अशी नोंदणी नसताना घेतलेले दहा हजारही गुन्हा ठरू शकतात. क्राउडफंडिंगची लिंक ग्रुपवर टाकण्याआधी हे वाचा.

खिशातून दिलेल्या पैशाचं काय करायचं?

आता परत टेम्पोच्या साडेतीन हजारांकडे. हे पैसे तीनपैकी एक काहीतरी असतात: देणगी, संस्थेच्या वतीने केलेल्या खर्चाची येणी, किंवा कर्ज. तिन्हींची नोंद वेगळी होते. देणगी असेल तर त्याच दिवशी पावती फाडा आणि विषय संपवा. येणी असेल तर टेम्पोवाल्याची पावती संस्थेच्या नावाने घ्या, व्हाउचर करा आणि कधी परत करणार ती तारीख त्यावर लिहा. कर्ज सगळ्यात अवघड, कारण विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज घेताना विश्वस्त कायद्याच्या कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीचा प्रश्न येतो. त्यामुळे 'हातउसने' हा शब्द हिशोबात शिरण्याआधी सीएला एक फोन करा.

खात्यावर दोन सह्या, दर प्रयोगाचं वेगळं पान, आणि हिशोबाची शीट एकाच्या लॅपटॉपवर न ठेवता संस्थेच्या ईमेलवर, एवढं पहिल्या वर्षी जमलं तरी पुष्कळ. वर्षाचे हिशोब सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तपासून घ्यायचे असतात. नेमक्या त्याच सुमारास गणपती आणि स्पर्धांच्या तालमी चालू असतात. त्यामुळे पावत्यांचा डबा मे महिन्यातच उघडा, १०बीडी भरायला बसाल तेव्हाच.